भज्जीची भजी

दुसऱ्या प्रुफाच्या सत्तावन्नाव्या पानावर माझ्या कादंबरीतल्या बाया येळवशीला शेतात बसून एकमेकींच्या ताटात दोन-दोन पळ्या भजी वाढत होत्या. मी वाक्य परत वाचलं. दोन पळ्या भजी. पळीनं भजी वाढणारी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

मूळ शब्द होता भज्जी. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे समजावायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला (आमची येळवस ती हीच), आमच्याकडं सगळी घरं कुलूप लावून शेतात जातात. कडब्याची कोप करतात, आत पांडव मांडून पूजा करतात. जेवायला आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला लागतील त्या भाज्या, चिंच आणि बेसन घालून मोठ्या पातेल्यात रटरट शिजवलेला प्रकार. तिचा तळणीशी काही संबंध नाही. मुद्रितशोधकांना वाटलं माझी टायपिंगची चूक आहे, म्हणून त्यांनी 'ज'चं द्वित्व काढून टाकलं. एकदा नाही, अकरा वेळा. मी चिडून फोन करणार होते, तर त्याच पानावर त्यांनी माझी एक खरी चूक पकडलेली दिसली. नायिकेचा मुलगा पान ५१ वर अकरावीत होता आणि पान ५७ वर पुन्हा दहावीत. गप्प बसले. लाल पेन घेऊन अकरा ठिकाणी 'ज' परत जोडला.

मी लातूरच्या ट्यूशन एरियात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान चालवते. एकोणीस वर्षं झाली. मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० अशा दोन्ही परीक्षा खटखट वाजणाऱ्या मशीनवर दिल्या, मग कॉम्प्युटर आला. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द बडवायचे: क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आमचे हे मोंढ्यात आडतीवर दिवाणजी आहेत. घरात साहित्याचा वारसा वगैरे काही नाही. माहेर आंबाजोगाईचं, एवढीच काय ती पुण्याई. लहानपणी वडील संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी दाखवायला न्यायचे आणि सांगायचे की त्यांना लिहायला रोज ढब्बू पैशाची शाई लागायची. तेव्हा मला त्या शाईच्या खर्चाचंच जास्त अप्रूप वाटायचं. अजूनही वाटतं, कारण टोनरचं रीफिल मीच भरते.

कादंबरी सुरू झाली ती एका डब्यामुळं. दुकानासमोर एक मेस आहे. तिथल्या मावशी साठ-सत्तर पोरांना दोन वेळचा डबा देतात. भरघोस मार्कांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या नावानं नांदेड, परभणी, बीड, हिंगोली, कुठून कुठून लेकरं इथं येऊन दोन वर्षं खोलीत कोंडून घेतात. २०१८ च्या हिवाळ्यात मावशी रिकामे डबे मोजत असताना सहज म्हणाल्या, "भात तसाच आला की समजायचं, पेपर अवघड गेला. भाकरी परत आली तर घरून फोन आलाय. आन् डबा धुऊन आला तर पोरगी हाय." मी त्या वेळी कुणाचं तरी उत्पन्नाच्या दाखल्याचं फॉर्म भरत होते. हात थांबले. परत आलेल्या डब्यांवरून सत्तर पोरांचं आयुष्य वाचणारी बाई माझ्यासमोर रोज उभी होती आणि मी तिच्याकडून फक्त सोमवारी कुरमुऱ्यांची सुशीला घेऊन खात होते.

त्या रात्री दुकान बंद करायच्या आधी वाया गेलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर दीड पान लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरवर. पानं लावायचं पेजमेकर उघडायचं, श्रीलिपी फाँटात बडवायचं, कारण बोटांना तेच येतं. फाइलला नाव दिलं 'भाडेकरार नवीन', म्हणजे दुकानातला पोरगा उघडून बघणार नाही. दोन वर्षं ती फाइल त्याच नावानं वाढत गेली. एकदा एक गिऱ्हाईक खरंच नव्या भाडेकराराचा नमुना मागायला आलं आणि पोरानं ती प्रिंटला सोडली. चौदा पानं बाहेर आल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, यात घरमालक कुठाय?"

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. तेव्हा ते उस्मानाबादच होतं. मैत्रिणीबरोबर सकाळची एसटी धरून गेले. मांडवात फार वेळ बसले नाही, पुस्तकांच्या गाळ्यांतच दिवस गेला. अकरा पुस्तकं घेतली आणि घेताना एक नवीच सवय लागली. पुस्तक उघडायचं ते मजकुरासाठी नाही, तर आतलं दुसरं पान बघायला: टाइपसेटिंग कुणाचं, आवृत्ती कितवी, कागद मॅपलिथो की नॅचरल शेड, शिलाई आहे की नुसतं चिकटवलंय. एका गाळ्यावर धीर करून विचारलं, "नव्या माणसाची कादंबरी घेता का?" त्या गृहस्थांनी मान वर न करता कार्ड दिलं. "पाठवा." तो एक शब्द मी परतीच्या दोन तासांत किमान वीस वेळा मनात म्हटला असेल.

मग मार्च आला. चार दिवसांत ट्यूशन एरिया रिकामा झाला. बापलोक गाड्या घेऊन आले, गाद्या-बादल्या टपावर बांधल्या आणि लेकरं घेऊन गेले. एवढी शांतता या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. दुकान बंद. कॉम्प्युटर स्कूटीवर दोन खेपांत घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मांडला. त्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत मजकूर १ लाख १२ हजार शब्दांवर गेला. लोकांना वाटतं लिहिणं अवघड असतं. मला तरी लिहिताना काही अवघड गेलं नाही, टाळेबंदीत करण्यासारखं दुसरं होतंच काय! पुढची चार वर्षं अवघड गेली.

पहिले वाचक आमचे हेच. त्यांनी तीन रविवार लावून सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "यात मी नाही ना?" नाही म्हटल्यावर निश्चिंत झाले. पुढं कधी विषय काढला नाही.

२०२१ मध्ये तीन प्रकाशकांकडं बाड पाठवलं. एकाचं उत्तर आजतागायत नाही. दुसऱ्यानं आठवड्यात फोन केला, कादंबरीची तोंड भरून स्तुती केली आणि ८५ हजार रुपये भरायला सांगितले, वर दोनशे प्रती मी घ्यायच्या. त्यानं बाड उघडलं होतं का, असा मला संशय आहे, कारण तो सारखा 'तुमच्या कविता' म्हणत होता. पैसे देऊन पुस्तक काढणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही, माझ्या दुकानात दर महिन्याला कुणीतरी आपलं पुस्तक स्वतः छापायला येतंच. त्यांना मी फॉर्मचा, म्हणजे छपाईच्या सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांचा, हिशोब करून देते, आयएसबीएन फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका, हेही सांगते. पण छपाईचा खरा खर्च मला पाठ असताना ८५ हजार ऐकून घेणं जड गेलं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखकांसाठी अनुदान असतं, त्याचे अर्ज मी दुसऱ्यांना टाइप करून दिलेत. स्वतःचा मात्र केला नाही. आळस, दुसरं काय.

तिसऱ्याचं पत्र आलं, छापील लेटरहेडवर, सविस्तर, सभ्य. भाषा जिवंत आहे, व्यक्तिरेखा ठसठशीत आहेत, पण मराठवाड्यातल्या लेखिकेकडून जे वास्तव अपेक्षित आहे ते येत नाही, असा त्याचा सूर. दुष्काळ नाही. शेतकऱ्याची आत्महत्या नाही. ऊसतोड नाही. या दिशेनं पुनर्लेखन करता आलं तर जरूर विचार करू.

ते पत्र मी लॅमिनेट करून ठेवलंय. मशीन घरचंच आहे.

राग आला, तो खोटा नव्हता. आमच्याकडं बाप गळफास घेतो हे खरं आहे, कोयता घेऊन बिऱ्हाडं कारखान्यावर जातात हेही खरं आहे, आणि ते लिहिणाऱ्यांनी लिहिलंय, चांगलं लिहिलंय. पण आमच्याकडं माणसं सासूशीही भांडतात. फिजिक्सच्या मार्कांवरून घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. येसरच्या आमटीत मीठ जास्त झालं म्हणून जाऊ रुसते. पुण्याच्या लेखकाला कुणी म्हणतं का, तुमच्या कादंबरीत पानशेत फुटलं नाही, वास्तव येत नाही म्हणून? मी हट्टाला पेटले. बाड उघडलं, 'टँकर' हा शब्द शोधला. सात ठिकाणी होता. सातही काढले. 'दुष्काळ' चार वेळा होता, तोही गेला. नळ, हौद, पाणी भरणं, जे जे त्या पत्रवाल्याला आवडलं असतं ते ते सगळं बाहेर. आता बघू म्हटलं.

एप्रिल २०२२ मध्ये संमेलन उदगीरला आलं. ऊन असं की मांडवातले पंखे गरम हवाच ढकलत होते. या वेळी मी बाडाच्या दोन स्पायरल प्रती पिशवीत घेऊन गेले होते आणि दुपारपर्यंत एकही बाहेर काढायचा धीर झाला नव्हता. ताकाच्या गाड्यावर शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी पिशवीकडं बघून विचारलं, "कथा की कादंबरी?" त्या पुण्याच्या एका प्रकाशनाचं संपादन बघतात हे नंतर कळलं. साठीच्या असतील. गळ्यात चष्म्याची दोरी, पदरानं घाम पुसणं चाललेलं. "चार महिने लागतील," म्हणाल्या. नऊ लागले.

जानेवारीत फोन आला तेव्हा दुकानात ओळखपत्रांच्या झेरॉक्सची रांग होती. मी बाहेर फुटपाथवर आले. त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"तुमच्या मेसमध्ये रोज सत्तर डबे जातात ना?"

"हो."

"आणि साल दोन हजार सोळा आहे."

"हो."

"मग भांडी घासायला पाणी कुठून येतं?"

मी फोन कानाला लावून उभी राहिले. समोर मावशींची मेस होती, दारात डब्यांची उतरंड होती आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. मीच ते शोधून शोधून पुसलं होतं.

२०१६ लातूरच्या माणसाला विचारायचं नसतं, तो आपण होऊन सांगायला लागतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळाचं पाणी कधी आलं होतं हे आठवायला कॅलेंडर लागायचं. टाक्यांवर मारामाऱ्या होतील म्हणून कलेक्टरनं पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं. १४४ आम्ही तोवर दंगलीच्या बातम्यांतच वाचलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर माणसं पाहुणा बघायला जावं तशी गेली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. आमच्या गल्लीतली होस्टेलं एकेक करून रिकामी झाली. उरलेल्या पोरांना मालकानं सांगितलं, आंघोळ एक दिवसाआड. मावशींनी त्या उन्हाळ्यात डबे बंद केले नाहीत. पत्रावळ्या आणल्या, आमटीऐवजी कोरडी चटणी, भाताऐवजी धपाटे, म्हणजे भांडं कमी खरकटं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला. हे सगळं मला माहीत होतं. मी समोरच होते. आणि माझी नायिका २०१६ च्या मे महिन्यात सत्तर स्टीलचे डबे खळखळ धुऊन उन्हात पालथे घालत होती.

"त्यांना दुष्काळ हवा होता म्हणून मी काढला," मी सांगून टाकलं. पत्राचंही सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. "बरोबर केलंत," म्हणाल्या. "त्यांना हवा तो काढलाच पाहिजे. पण तुमच्या मावशीला पाणी लागतं."

ते प्रकरण एकोणीस पानांचं झालं. सहा आठवडे घेतले त्यानं. जे आधी सरसर झालं होतं, त्याच्या मानानं हे फार हळू. एका परिच्छेदात पाणी मोजायचं तर नायिकेच्या घरात किती माणसं, किती पातेली, किती वेळा चहा, हे सगळं कागदावर मांडावं लागलं. मोंढ्यातल्या हिशोबासारखं. आमच्या ह्यांनीच ताळेबंद करून दिला, आणि त्यांचं कादंबरीतलं योगदान काय ते हेच. दुसऱ्या बाजूनं कापाकापी चालू होती: नायिकेच्या बहिणीचं सगळं उपकथानक गेलं, एका मास्तरांची दोन भाषणं गेली, स्वप्नं सगळी गेली. १ लाख १२ हजारांचे ७४ हजार झाले. बहिणीचं वाईट वाटलं. ती पाने अजून 'भाडेकरार जुना' या नावानं आहेत.

करार आला तो वाचायला मला वकील लागला नाही. दिवसाला चार करार टाइप करणाऱ्या बाईला कलमांची भीती नसते. 'सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी' अशी एक ओळ होती, तिच्यावर पेन्सिलनं गोल केला. आमचे एक गिऱ्हाईक वकील आहेत, त्यांनी चहाच्या बदल्यात सांगितलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे न लिहिलेलं परवडतं, 'कायमस्वरूपी' लिहिलेलं नाही. मी सात वर्षं लिहून मागितली, ऑडिओ आणि सिनेमा माझ्याकडं ठेवला. सिनेमाचं ऐकून त्यांच्या ऑफिसातला मुलगा जरा हसला असावा. रॉयल्टी छापील किमतीवर दहा टक्के, पाचशेची आवृत्ती. मान्य.

मग फाँटची भानगड. मी श्रीलिपीत लिहिलेलं, त्यांना युनिकोड हवं. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मी लोकांच्या कामाला रोज वापरते, तेच चालवलं आणि २६४ पानं एका मिनिटात युनिकोड झाली. उघडून बघते तर 'दुसऱ्या' होतं तिथं 'दुसर्या', 'पायऱ्या'च्या 'पायर्या', 'बिऱ्हाड'चं 'बिर्हाड'. आमचा तो अर्धा, कोयत्यासारखा वाकडा र जाऊन प्रत्येकाच्या डोक्यावर रफार बसला होता. जोडाक्षरांजवळच्या पहिल्या वेलांट्या एक घर सरकलेल्या. मराठी माणसाला वाचताना ठेच लागते तशी प्रत्येक ओळीत ठेच. फाइंड-रिप्लेसनं निम्मं निस्तरलं, पण सरसकट बदल केला की 'सूर्या'चाही 'सूऱ्या' होतो. (एक गडी खरंच सूऱ्या झाला, आणि तो मला आवडलाही होता.) शेवटी पान पान डोळ्यांनी वाचत तीन आठवडे बसले. माझ्या धंद्यातलीच गोष्ट, आणि माझ्याच पुस्तकानं मला ती शिकवली.

प्रुफात भज्जीची भजी झाली ती यानंतर. तेवढंच नव्हतं. संवादांत मी आमचं बोलणं ठेवलं होतं: "काय करूलालीस?", "येऊलालाव की". मुद्रितशोधकांनी सावकाश, सुंदर अक्षरात 'काय करत आहेस?' करून ठेवलं. वीस पानं अशी वाचली आणि मला वाटलं माझी सगळी माणसं बातम्या देतायत. संपादकबाईंनी माझी बाजू घेतली, पण त्यांनाही तळटिपा हव्या होत्या. येळवस, येसर, सुशीला, प्रत्येकाला खाली एक ओळ. मी विचारलं, कोकणातल्या कादंबरीत पेज आली तर खाली 'तांदळाचा पातळ पदार्थ' लिहिता का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सुशीला तेवढी सांगा. लोकांना ती बाई वाटेल." ते मला पटलं. वाक्यातच कुरमुरे घातले आणि प्रश्न मिटवला. तळटीप एकही नाही.

पानं भरत होती २६४. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे साडेसोळा फॉर्म. आठ पानं कापा किंवा आठ भरा. मीच गिऱ्हाइकांना हे ऐकवत आले. दोन पानं मनोगताची होती, ती आधी काढली. कुणाकुणाचे आभार मानले होते ते सगळे अजून माझ्यावर नाराज आहेत. बाकीची सहा वाक्यावाक्यानं कापली. २५६.

मुखपृष्ठाचा पहिला नमुना मोबाइलवर आला तेव्हा मी जेवत होते. भेगाळलेली जमीन. तिच्यावर पाठमोरी बाई. डोक्यावर घागर. मी घास तसाच ठेवला. चित्रकार चांगले होते, त्यांनी पुस्तकाचा गोषवारा वाचून केलं होतं, त्यात 'लातूर' आणि '२०१६' हे दोन शब्द होते. मी मावशींच्या दारातल्या डब्यांच्या उतरंडीचा फोटो काढून पाठवला. दुसरा नमुना तोच आला, वरच्या डब्याचं झाकण किंचित उघडं. तेच छापलं गेलं.

पुस्तक जानेवारी २०२५ मध्ये निघालं. नाव इथं सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. प्रकाशन एका वाचनालयाच्या खोलीत झालं, खुर्च्या चाळीस, माणसं एकतीस, त्यातली नऊ माहेरची. दोघांनी भाषणात दुष्काळाचं विदारक चित्रण म्हटलं. त्यांनी मुखपृष्ठ उलटून मागचा मजकूर वाचला होता. मला दहा प्रती मिळाल्या, त्या आठवड्यात नातेवाइकांत संपल्या. पुढच्या मी चाळीस टक्के सवलतीनं विकत घेते आणि दुकानात काउंटरवर ठेवते, स्टेपलर आणि पारदर्शक फोल्डरच्या मध्ये. मार्चअखेरचा हिशोब आला: विक्री १६१, किंमत ३५०, रॉयल्टी ५,६३५ रुपये. लग्नपत्रिकेच्या सीझनला एवढे दोन दिवसांत होतात. तरी तो चेक मी वटवायला टाकण्याआधी त्याची झेरॉक्स काढली.

मावशींना पहिल्याच दिवशी प्रत दिली होती. त्या सातवी शिकलेल्या. डब्यांच्या मधल्या वेळेत रोज दोन-तीन पानं वाचायच्या, ओठ हलवत. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी समोरून बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. तीन महिन्यांनी एका दुपारी पुस्तक घेऊन दुकानात आल्या, बोट घालून पान धरलेलं.

"समदं बराबर हाय," म्हणाल्या. "मपल्या डब्याचं लिहिलीस, ते बी बराबर. पण ह्या घागरी कुठून आणलीस?"

पान १४३. पाण्याचं प्रकरण. नायिका आणि तिची मुलगी रात्री दोन वाजता टाकीवरून घागरी घेऊन येतात.

"सोळा साली घागर कुणाकडं होती गं? निळे ड्रम न्हवते का समद्यांकडं? आन् ईस लिटरचे क्यान. पोरं सायकलीला लटकवून आणायची. ट्यूशन एरियात डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई तू बघितलीस?"

नव्हती बघितली. आमच्या गॅलरीतही निळाच ड्रम होता. रात्री कुणी उपसू नये म्हणून त्याच्या झाकणाला स्कूटीची साखळी लावून कुलूप घातलेलं. किल्ली माझ्या गळ्यात. सहा आठवडे पातेली मोजून मी ते प्रकरण लिहिलं, संपादकबाईंनी चारदा वाचलं, मुद्रितशोधकांनी भज्जीतला ज सोडला नाही, आणि घागर सगळ्यांच्या नजरेखालून डुलत निघून गेली.

प्रकाशकांना कळवलं. दुसरी आवृत्ती निघाली तर बघू, म्हणाले. काउंटरवर बावीस प्रती होत्या. त्या रात्री दुकान बंद करून प्रत्येकीच्या पान १४३ वर 'घागरी' खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'ड्रम' लिहिलं. पुढचं 'डोक्यावर' पण खोडावं लागलं. नव्या प्रती आल्या की आधी हेच करते.

परवा एका बापानं पोरीच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स होईपर्यंत पुस्तक चाळलं. नेमकं तेच पान उघडलं. म्हणाला, "मॅडम, हे वापरलेलं दिसतंय. वीस रुपये कमी करा."

केले.